कमळाकर मोकल यांच्या निधनाचे पंचवीस दिवस

लेखक मोठा होता की नव्हता हे तो गेल्याशिवाय कळत नाही, हा साहित्याचा पहिला नियम आहे. नियम चांगला आहे, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. अडचण एवढीच, की हे कळून घ्यायची सगळ्यांत जास्त हौस ज्याला असते, नेमका तोच त्या वेळी हजर नसतो. रायगड जिल्ह्यात मात्र एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या पौष महिन्यात ही अडचण पंचवीस दिवसांपुरती दूर करण्यात आली. त्याची हकिकत अशी.

कमळाकर जनू मोकल हे जन्माने पेण तालुक्यातल्या सांबरखारचे आणि पेन्शनीने रोह्याचे. वडील मिठागरावर होते. मुलगा शिकला आणि रोह्याच्या कचेरीत चिकटला, तो चौतीस वर्षांनी अव्वल कारकून होऊनच उतरला. त्या चौतीस वर्षांत त्यांनी असंख्य टिपणं आणि एक कादंबरी लिहिली. टिपणं सरकारदप्तरी सुखरूप आहेत. कादंबरीचं नाव ‘तिसरी उघाडी’. (उघाडी म्हणजे खारजमिनीच्या बांधातलं, भरतीचं पाणी अडवायचं दार. हे रोहेकरांसाठी सांगितलं, पेणकरांना ठाऊक आहे.) ती सत्तावन्न साली निघाली, हजार प्रती संपल्या आणि त्यानंतर एकतीस वर्षं कुठेही मिळत नव्हती. खुद्द लेखकाकडे एक प्रत उरली होती, तिची शेवटची अकरा पानं कसरीने खाल्ली होती.

कमळाकररावांना आता सदुसष्टावं लागलं होतं. साखर होती, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, आणि जिवाला एकच घोर होता: डोळे मिटायच्या आत पुस्तक पुन्हा छापून आलेलं बघायचं. दर दिवाळीला ते प्रकाशकांना पत्र टाकत. दर तुळशीच्या लग्नाला उत्तर येई, ‘विचार चालू आहे.’ एकतीस वर्षं एकच विचार चालू ठेवणारी संस्था महाराष्ट्रात दुसरी नसेल.

अशात मुंबईचे एक दिग्दर्शक आले आणि म्हणाले, तुमच्या आयुष्यावर चित्रपट काढतो. नाव ‘खारट शाई’. कमळाकररावांनी संमतिपत्रावर सही केली, आणि जन्माचे कारकून असल्यामुळे चौदाही कलमं वाचूनच केली. चौदाव्या कलमात ‘नायकाचा शेवट कथेच्या गरजेनुसार राहील’ असं होतं. कथेची गरज मरणाची निघाली. दिग्दर्शकांचं म्हणणं असं, की चरित्रपटात माणूस शेवटपर्यंत जिवंत राहिला तर प्रेक्षकाला उठायचं कधी तेच कळत नाही. म्हणून मध्यंतरानंतर नायकाला खोकला लागतो, खोकला वाढतो, नायिका औषध आणायला जाते ती उशिरा येते, आणि खाडीच्या काठाला चिता पेटते. कमळाकररावांनी लिहून विचारलं, की मला खोकला कधी झाला होता? उत्तर आलं, ‘आमच्या नटाला फार छान जमतो.’

त्याच आठवड्यात प्रकाशकांचंही पत्र आलं आणि त्यात, काय सांगावं, वेगळं वाक्य होतं! ‘सदर चित्रपट लेखकाच्या जिल्ह्यात पंचवीस दिवस चालल्यास दुसरी आवृत्ती काढण्यात येईल.’ कमळाकररावांनी ते पत्र तीनदा वाचलं, चंद्रावतीबाईंना वाचून दाखवलं आणि देवापुढे ठेवलं. बाई म्हणाल्या, “अहो, पन त्यात तुम्ही मरताय ना?”

“पंचवीस दिवस गो. मग छापतात,” कमळाकरराव म्हणाले.

आता कमाईचे आकडे. मुंबईत ‘खारट शाई’ चार दिवस चालला. पुण्यात सहा दिवस. (पैकी पहिले दोन दिवस चुका काढायला आलेल्यांचे होते, त्यांनी तिकिटं काढली हे मान्य करायला हवं.) उरला जिल्हा. पौषात लग्नं नसतात, मुहूर्त नसतात, तेव्हा टॉकीजवाले असले चित्रपट लावून घेतात. पेणची नवचंद्रिका आणि रोह्याची दत्तप्रसाद या दोन टॉकीजना मिळून एक प्रिंट आली. पेणला बाराचा आणि तीनचा खेळ, मग रिळांचे डबे सहाच्या एस्टीने रोह्याला, तिथे नऊचा.

पेणला पहिल्या दिवशी एकतीस माणसं आली, दुसऱ्या दिवशी एकोणीस, तिसऱ्या दिवशी अकरा. अकरातले सहा पासवाले होते आणि एक झोपायला आला होता. नवचंद्रिकाचे मॅनेजर पुंडलिक हे हमरापूरचे, गणपती रंगवणाऱ्या घरातले. रंग उडायला लागला की वरून हात द्यायचा, हे त्यांच्या अंगात. त्यांनी एक रिक्षा केली, तिच्यावर भोंगा बांधला आणि खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या, गावागावांतून फिरवली. भोंगा सांगत होता, “खारेपाटाचा लाडका सुपुत्र कमळाकर मोकल यांना अखेरचा निरोप द्यायला आजच या! रोज बारा आणि तीन!”

सांबरखारचे दोघे जण त्या निरोपाला जाऊन आले आणि त्यांनी गावात येऊन जे सांगितलं, त्याने गावाचं डोकं फिरलं. ते म्हणाले, सगळं दाखवलंय, मिठागर दाखवलंय, खाडी दाखवलीय, चिता दाखवलीय. पण मयताला गावचा एक माणूस नाय! खांदा दिला तो मुंबईच्या लोकांनी, लाकूड दिलं ते मुंबईच्या लोकांनी. (दिग्दर्शकांनी खर्च वाचवायला चितेचं दृश्य मढ आयलंडला उरकलं होतं.) हे पेणच्या बाजारात सगळ्या दुनियेला दिसतंय. सांबरखारचं नाक कापलं गेलं.

मारुतीच्या देवळात गावकी बसली. सिनेमा म्हणजे सिनेमा, खरं मयत नव्हे, एवढं सांबरखारच्या लोकांना कळत होतं. त्यांना अडाणी समजायचं कारण नाही. प्रश्न मयत खरं की खोटं हा नव्हताच, मयताला गाव गेला की नाही हा होता. एकाने शंका काढली, “पन कमळाकर तं परवाच रोह्याच्या बाजारात वाल घेताना दिसला.”

त्यावर पंच विठू मोकल म्हणाले, “परवा दिसला म्हनून काय झाला? मानूस जातो तो आदल्या दिवशी कुनाला ना कुनाला दिसतोच.”

ठराव झाला तो असा: घरटी एक माणूस मयताला जाईल. प्रत्येकाने आपलं लाकूड आपण न्यावं. बायकांनी रीतीप्रमाणे चितेच्या आधी उठावं. येताना आंघोळ केल्याशिवाय गावात शिरू नये. न जाणाऱ्या घराला एकवीस रुपये दंड. तिकीट चार रुपयांना होतं, त्यामुळे दुःख न झालेल्यांनाही जाणं परवडत होतं.

चौथ्या दिवशी तीनच्या खेळाला सांबरखार आलं. मुकाट्याने आलं, मुकाट्याने बसलं. नायक लहानपणी मिठाच्या ढिगावरून घसरतो तिथे मुंबईत लोक हसले होते. इथे कोण हसेल? मयताच्या घरी कुणी हसतं का? नायक-नायिका खाडीकाठी गाणं म्हणायला लागले तेव्हा मंडळींनी माना खाली घातल्या. खोकला सुरू झाल्यावर बायकांच्या रांगेतून हुंदके आले, आणि चिता दिसायच्या आधी सगळ्या बायका एकदम उठून बाहेर गेल्या. पुरुष उभे राहिले, रांगेने पडद्यापाशी आले आणि प्रत्येकाने काखेतली काटकी पडद्याखाली ठेवली. मग कुणीही कुणाला “येतो” न म्हणता (अशा घरून निघताना तसं म्हणत नाहीत) सगळे मागच्या नळावर आंघोळीला गेले.

पुंडलिक थेटरात बत्तीस वर्षं होते, त्यांनी नोटा उधळणारे पाहिले होते, खुर्च्या फोडणारे पाहिले होते. हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी काटक्या गोळा केल्या आणि कामगारांसाठी चहा ठेवला.

सांबरखार गेलं म्हटल्यावर शेजारच्या गावांना घरी बसता येईना. कमळाकररावांची थोरली बहीण दिलेलं गाव आलं, आत्याचं आलं, मामाचं आलं. ज्यांचं काहीच नातं नव्हतं तेही आले, कारण उद्या आपल्यात कुणी गेलं तर सांबरखार आपल्याकडे यायला हवं ना! पुंडलिकांनी गाववार वेळापत्रक करून एस्टी स्टँडवर चिकटवलं. चौथ्या दिवसापासून पंचविसाव्यापर्यंतची अधिकृत आकडेवारी अशी: एकूण तिकिटं अकरा हजार तीनशे सोळा, काटक्या सात हजार आठशे बेचाळीस. (फरक बायकांचा. बायका लाकूड देत नाहीत.) पुन्हा बघायला आलेले प्रेक्षक, शून्य. मागच्या नळाचं पाणी बाराच्या खेळालाच संपू लागल्यावर पालिकेने एक टँकर ‘सांस्कृतिक कार्य’ या सदराखाली मंजूर केला.

नुकसान झालं ते इंदुबाईंच्या कँटीनचं. मयताला आलेला माणूस मध्यंतरात बटाटेवडा खाईल कसा? सांबरखार आलं त्या दिवशी साठ वडे तसेच राहिले. पण इंदुबाई पेणच्या, रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. पाचव्या दिवसापासून त्यांनी वड्याचा घाणा बंद केला आणि सुक्या काटक्या विकायला ठेवल्या, विसरून आलेल्यांसाठी, वीस पैशाला एक. आंघोळीनंतर अंग पुसायला पंचे भाड्याने ठेवले. गणपतीच्या दिवसांतसुद्धा इतका धंदा झाला नव्हता, असं त्या स्वतः सांगतात.

चित्रपट-व्यवसायाचं एक मुंबईचं साप्ताहिक आहे, त्यात आलं, की ‘खारट शाई’ हा साहित्यावरचा चित्रपट पेणच्या रसिकांनी डोक्यावर घेतला असून ग्रामीण भागात वाङ्मयीन जाण वाढत आहे. हे साप्ताहिक रोह्याला दत्तप्रसाद टॉकीजच्या हैबतरावांनी वाचलं आणि त्यांचा तिळपापड झाला. कारण पेणला हाउसफुल्ल आणि रोह्याला रोज सरासरी सात! त्यांनी चौकशी केली. कारण साधं होतं. रोह्याच्या माणसाला कमळाकर मोकल रोज सकाळी फुकट दिसत. भाजी घेताना दिसत, न्हाव्याकडे दिसत, भाव करताना तर फारच दिसत. जो माणूस आठ आण्यांच्या अळूवरून दहा मिनिटं वाद घालतो, तो मेल्याचं बघायला चार रुपये कोण देईल?

दहाव्या दिवशी सकाळी हैबतराव आणि पुंडलिक दोघे मिळून कमळाकररावांच्या घरी आले. चहा झाला. मग पुंडलिक म्हणाले, “अण्णा, राग मानू नका. पन तुम्ही असे बाजारातून फिरताय, आनि पेनचे लोक डबे आनायला एस्टीबरोबर इथे येतात. एकाने जरी जाऊन सांगितलं की बुवा धडधाकट हाय, तर माझं तीनचं बुकिंग खलास. पंधरा दिवस राहिलेत. पंधरा दिवस तुम्ही नसल्यासारखं ऱ्हा.”

“म्हणजे कसं?” कमळाकरराव म्हणाले.

“म्हंजे घरात. खिडकीत नको.”

सहासष्ट वर्षं कमळाकरराव कुणाच्या अध्यात ना मध्यात असे जगले होते, आणि आता जगत असल्याबद्दलच माफी मागायची पाळी आली होती. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. मग त्यांची नजर देवापाशी ठेवलेल्या पत्रावर गेली. पंधरा दिवस. एकतीस वर्षं काढली, त्यात पंधरा दिवस ते काय? ते म्हणाले, “राहतो.”

हैबतरावांना आणखी एक सुचवायचं होतं. ते घसा खाकरून म्हणाले, “आणि वहिनींनी बाजारात जाताना जरा... कुंकू वगैरे... म्हणजे फार ठळक नको.”

चंद्रावतीबाई आतून बाहेर आल्या. “माझा कुंकू असाच ऱ्हायचा. तुमचा थेटर बुडला तरी चालेल नि ह्यांचा पुस्तक नाय निघाला तरी चालेल. घ्या, चहा संपवा.”

त्या दुसऱ्या दिवशी रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावून बाजारात गेल्या. रोह्यात त्याचाही अर्थ लागला. मोकलबाई शिकलेल्या आहेत, आजकालच्या शिकलेल्या बायका पुसत नाहीत, फार धीराची बाई, असं ठरलं. भाजीवाल्याने त्यांना अळू तसंच दिलं, पैसे घेतले नाहीत. चंद्रावतीबाई घरी येऊन हसायला लागल्या त्या स्वयंपाक होईपर्यंत हसतच होत्या. कमळाकररावांना मात्र हसू आलं नाही. आपल्याला त्या अळवासाठी चौतीस वर्षं भांडावं लागलं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

कमळाकरराव चार दिवस दिसले नाहीत, तसे रोहेकर अस्वस्थ झाले. पाचव्या दिवशी दत्तप्रसादचा आकडा सातावरून दोनशे बारावर गेला. एका संध्याकाळी कमळाकरराव कंटाळून गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल आणायला गेले आणि समोरच्या आळीतल्या गिरजाबाईंना दिसले. घात झाला असं वाटलं. पण गिरजाबाईंनी आळीभर सांगितलं, “दिसतात हो अजून. जीव कशात तरी अडकलाय.” दुसऱ्या दिवशी आकडा दोनशे चौऱ्याहत्तर. हैबतरावांनी निरोप धाडला, की आठवड्यातून एकदा टॉवेल आणायला हरकत नाही.

कमळाकरराव घरात बसून आपली कीर्ती ऐकत होते. खिडकीखालून जाणारे लोक त्यांच्याबद्दल कधी नव्हे ते चांगलं बोलत होते. कचेरीत ज्यांच्या अर्जांना त्यांनी शेरे मारले होते ते म्हणत होते, माणूस कडक, पण हाताला स्वच्छ. ज्या ग्रंथालयाने त्यांना पाच रुपये वर्गणी थकली म्हणून सभासदत्वातून काढलं होतं, त्याने शोकसभा घेतली. सभेला तीन भाषणं झाली, आणि तिघांनीही अलीकडे त्यांची भेट व्हायची राहून गेली म्हणून हळहळ व्यक्त केली. ग्रंथालय त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर आहे.

बाविसाव्या दिवशी व्हायचं ते झालं. रोह्याहून डबे घेऊन जाणाऱ्या कुणीतरी पेणच्या स्टँडवर सांगून टाकलं, की मोकल जिवंत आहे, मी डोळ्यांनी पाहिला, वालाचं बिरडं सोलत होता. बातमी दोन तासांत सांबरखारला पोचली. पुंडलिकांनी डोक्याला हात लावला. सात हजार माणसं काटक्यांचे आणि तिकिटांचे पैसे मागायला येणार म्हणून त्यांनी तीनचा खेळ रद्द करायची तयारी केली. देवळात गावकी पुन्हा बसली. रोह्यात कमळाकररावांना जेवण गेलं नाही. तीन दिवसांसाठी सगळं जाणार, दुसरं काय! दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरेल, मग छापून आलं तरी कोण बघणार?

गावकीचा निर्णय संध्याकाळी आला. निर्णय एकमताने झाला होता आणि इतका सरळ होता, की वरच्या कोर्टातही टिकेल. गावाने लाकूड दिलं, आंघोळ केली, सुतक फिटलं. एकदा दिलेलं लाकूड परत घेता येत नाही. यापुढे कमळाकर जिवंत असला तर तो त्याच्या घरचा प्रश्न. ज्या सहा गावांची पाळी राहिली होती त्यांनी विचारलं, आम्ही जायचं की नाही? विठू मोकल म्हणाले, “आमी केला नि तुमी नाय केला, असा उद्या कुनी बोलायला नको. जावा.”

ती सहाही गावं गेली. ‘खारट शाई’ पंचवीस दिवस चालला.

पंचविसाव्या दिवशी नवचंद्रिकात सोहळा होता. आता जिवंत असायला हरकत नाही अशा समजुतीने कमळाकरराव धुतलेलं धोतर नेसून पेणला गेले. पडद्यासमोर त्यांचा मोठा फोटो लावून हार घातला होता. फोटो नटाचा होता, कारण लोक ज्याला रडले तो तोच. अर्धपुतळ्याचीही घोषणा झाली. हमरापूरच्या कारखान्यात काम सुरूसुद्धा होतं, चेहरा नटाचा आणि, साच्याची सोय म्हणून, कान गणपतीचे. कमळाकरराव पहिल्या रांगेत जाऊन बसले तेव्हा एका स्वयंसेवकाने त्यांना नम्रपणे उठवलं. ती रांग ‘कुटुंबीयांसाठी’ राखीव होती. ते मागे उभे राहिले. त्यांनाही कुणी ओळखलं नाही आणि त्यांनीही ओळख दिली नाही. पत्र खिशात होतं, त्यांना तेवढं पुरेसं होतं.

प्रकाशकांनी शब्द पाळला, हे लिहून ठेवायला हवं. मुद्रितं आली. कमळाकररावांनी भिंग घेऊन, एका डोळ्याने, नऊ दिवस बसून ती तपासली. मुखपृष्ठावर ‘कै. कमळाकर मोकल’ असं होतं. त्यांनी ‘कै.’ खोडलं, शिवाय एकशे बाराव्या पानावरचं एक वाक्य त्यांना एकतीस वर्षं टोचत होतं, ते बदललं. उत्तर आलं: ‘वितरकांशी बोलणं कै.सह झालं आहे. वाक्याबद्दल म्हणाल तर, लेखकाच्या पश्चात संहितेत बदल करण्याची आमच्या संस्थेची पद्धत नाही.’ पाकीट चंद्रावतीबाईंच्या नावे आलं होतं.

दुसरी आवृत्ती तेवीस दिवसांत संपली. खारेपाटाने घरटी एक प्रत घेतली, तसा ठरावच होता. सांबरखारच्या प्रत्येक घरात ती गेलेल्या मंडळींच्या फोटोंच्या ओळीत ठेवली गेली, हार घालून. तिचं कसरीपासून रक्षण व्हावं म्हणून प्लास्टिक तसंच ठेवलं. रोह्याच्या ग्रंथालयाने तीन प्रती घेऊन काचेच्या कपाटात लावल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. प्रकाशकांनी तिसऱ्या आवृत्तीचा विचार चालू केला.

कमळाकररावांच्या हातात आपलं पुस्तक आलं होतं. शेवटच्या अकरा पानांसकट. व्हायला हवा होता तो आनंद झालासुद्धा. मग दोन-चार दिवसांनी तो कुठे गेला ते त्यांना कळेना. ते ओसरीवर बसून बिरडं सोलू लागले.

अशा एका सकाळी धोंडुबाई आल्या. धोंडुबाई म्हणजे सांबरखारच्या त्यांच्या लांबच्या काकी, वय ऐंशीच्या पुढे, मिठागरावर टोपल्या वाहून पाठ वाकलेली. पौषात त्या तापाने पडून होत्या. घरातून सून जाऊन आली होती, पण ह्यांच्या मनाला ते लागून राहिलं होतं. म्हणून आता, सिनेमा उतरल्यावर, तांदळाची पुरचुंडी घेऊन, कोलाडपर्यंत एका गाडीने आणि पुढे दुसरीने, विचारत विचारत त्या खऱ्या घरी भेटायला आल्या होत्या. ओसरीवर मयताला बिरडं सोलताना बघून त्या पायरीवरच थांबल्या.

“काय रं कमळ्या, तू मेलास ना?”

“नाय गो काकी.”

“मंग सून तं डोळे फुटंस्तोवर रडून आली!” त्यांनी त्याला खालून वर नीट बघितलं, गालाला हात लावला. “बरा हायस. सुकलायस जरा. हे तांदूळ मी परत नेनार नाय हां. मयताला आनलेले घरात नाय घेत. तुमीच खावा.”

त्या ओसरीवर टेकल्या. चंद्रावतीबाईंनी चहा दिला. धोंडुबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना न वाचल्याची लाज वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांनी ओसरीवरचं पुस्तक उचललं, उलटंच धरलं, वजन केल्यासारखं हातावर तोललं आणि विचारलं, “ह्याच्यापायी येवढा मयत झाला. पन तू लिवलास तरी काय ह्याच्यात?”

कमळाकररावांच्या हातातला वाल खाली पडला. चंद्रावतीबाई दारात थबकल्या. दिग्दर्शक येऊन गेले होते, प्रकाशकांची बत्तीस पत्रं आली होती, अकरा हजारांवर माणसं त्यांना रडून, आंघोळ करून घरी गेली होती, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं. कमळाकररावांनी डोळे पुसले. म्हणाले, मोतीबिंदूने पाणी येतं. मग सोललेल्या वालांचं पातेलं बाजूला सारलं आणि सांगायला लागले. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सांगितलं, एकशे बाराव्या पानावरचं वाक्य दुरुस्त करून सांगितलं. दुपार झाली. धोंडुबाई दोनदा हसल्या, एकदा “नाय रं, तसा नाय व्हत” म्हणून भांडल्या, आणि शेवटाला त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

ते काय होतं, ते इथे द्यायला जागा होती. पण इथवर आलेल्या वाचकाने तिकिटं मोजली, काटक्या मोजल्या, वड्यांचं काय झालं आणि टँकर कोणत्या सदरात बसला याची चौकशी केली, कमळाकरराव मेले की जगले याचीही काळजी केली. ‘तिसरी उघाडी’त काय आहे, असं त्याने एकदाही विचारलं नाही. धोंडुबाईंनी विचारलं, म्हणून त्यांना सांगितलं.